प्रेमाच्या पाठीची सीडी

बंगळुरात, जे. पी. नगरातल्या सोवनींच्या घरात चाळीस वर्षांत कधी इलेक्ट्रिशियन आला नव्हता. प्लंबर नाही, मिक्सर दुरुस्त करणारा नाही, इस्त्रीची वायर बदलणाराही नाही. जे बिघडेल ते पद्माकर सोवनी स्वतः उघडत, जमिनीवर जुना टॉवेल अंथरून त्यावर स्क्रू ओळीने मांडत आणि संध्याकाळपर्यंत वस्तू चालू करून दाखवत. त्यांची बायको प्रेमा शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे वस्तू अशा मरत नाहीत. आधी ह्यांची परवानगी काढावी लागते."

सोवनी मूळचे साताऱ्याचे. पंचविसाव्या वर्षी बंगळुरातल्या एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या टेस्टिंग विभागातच राहिले. तयार झालेला प्रत्येक सेट त्यांच्या टेबलावरून जायचा. त्यांची सही झाली की गेटबाहेर, नाही झाली की परत मागे. साहेब लोक घाई करायचे, तेव्हा हे म्हणायचे, "अर्धी माहिती असताना मी सही करत नाही." हे वाक्य त्यांनी घरातही इतक्या वेळा ऐकवलं होतं की मुलगा मकरंद लहानपणी चष्मा नाकावर ओढून त्यांची नक्कल करायचा.

दुसरी सवय कागदाची. एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून दिलेला त्यांना बघवत नसे. घरात आलेलं पत्र असो, बिल असो, मागची बाजू कोरी दिसली की पट्टी धरून त्याचे चार तुकडे करायचे, त्यांना चिमटा लावायचा आणि फोनशेजारी ठेवायचे. भाजीची यादी, गॅसवाल्याचा नंबर, शब्दकोड्यातला अडलेला शब्द, सगळं त्या तुकड्यांवर.

प्रेमाची पाठ दुखायला लागली ती तीन-साडेतीन वर्षांपूर्वी. खालची नव्हे, मधली. ती सांगायची, "आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं होतं हो. झोपलं तरी थांबत नाही." सोवनींनी तिला जवळच्या एका तपासणी केंद्रात नेलं, मणक्याचा स्कॅन करून घेतला. दोन दिवसांनी ते एकटेच जाऊन रिपोर्ट आणि सीडी घेऊन आले. रिपोर्टात लिहिलं होतं, कंबरेच्या मणक्यांची वयोमानाप्रमाणे झीज. सोवनींनी शब्दन् शब्द वाचला, अवघड शब्दांचे अर्थ शोधले आणि प्रेमाला समजावून सांगितलं. घरगुती डॉक्टरांनीही तो कागद बघून मान डोलावली.

"पण दुखतं ते वर दुखतं," प्रेमा म्हणाली.

"दुखणं सरकतं. ताठ बसत जा. दिवसभर त्या मोबाइलवर वाकून बसतेस."

त्यांनी तिला व्यायामाचा तक्ता करून दिला. ती दोन वर्षं तो करत राहिली. मध्येमध्ये म्हणायची, काही फरक नाही. हे म्हणायचे, नियमित करत नाहीस.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती स्वयंपाकघरात पातेलं उचलताना ओरडली आणि खाली बसली. या वेळी मकरंद देवनहळ्ळीहून आला आणि आईला थेट मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. नवा स्कॅन झाला. मधल्या एका मणक्यात गाठ होती, मणका खचला होता, आणि तशाच लहान गाठी आणखी तीन ठिकाणी दिसत होत्या. रक्ताच्या तपासण्यांनी उरलेली शंकाही ठेवली नाही.

तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टर रक्षिता राव वयाने चाळिशीच्या आतल्या. त्यांचं मराठी घराणं बंगळुरात कित्येक पिढ्या मुरलेलं; त्या मराठी बोलायच्या, पण ती मराठी सोवनींच्या कानाला वेगळी लागायची. एरवी सोवनी अशा मराठीला घरी येऊन हसले असते. पहिल्या भेटीच्या त्या सोमवारी त्यांना ती ऐकून धीर आला.

"काका, स्वल्प बसा," डॉक्टर म्हणाल्या. "दोन वर्षं मागे स्कॅन केला होता म्हणालात ना? त्याची सीडी आहे काय?"

"आहे. फाईललाच आहे." सोवनींनी ती पुढे केली.

"आमच्या मशिनींना आता सीडी घालायची सोयच नाही हो. पेनड्राइव्हवर घालून आणा. तेव्हा तिथं काही होतं का, किती वेगानं वाढलं, ते कळतं. गुरुवारी आमची सगळ्या डॉक्टरांची मीटिंग असते, त्यात बाईंची रेडिएशन कधी, कशी, ते ठरवू." आणि ते उठताना पुन्हा म्हणाल्या, "नाही जमलं तर तसेच या. सीडीसाठी थांबू नका. सरी?"

"सरी, ठीक आहे," सोवनी म्हणाले.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता, निवृत्तीच्या वर्षी घेतलेला. सोवनी त्याला दर सहा महिन्यांनी उघडून पुसत, त्यामुळे तो अजून चालत होता. फक्त त्याचा सीडीचा कप्पा बाहेर यायचा बंद झाला होता. सोवनींनी टाचणीने तो ओढून काढला, आतलं भिंग पुसलं, पण कप्पा आत जाऊन नुसता घुर्र घुर्र करायचा. मकरंदच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नव्हती आणि कंपनीने बाहेरचं काही जोडायलाही बंदी घातली होती.

"बाबा, कुठल्याही सायबर कॅफेत द्या, पाच मिनिटांचं काम आहे," तो फोनवर म्हणाला.

"आईचे रिपोर्ट मी परक्याच्या मशिनीत घालणार नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. मी आणतो."

मंगळवारी सकाळी ते मेट्रोने चिकपेटला उतरले आणि गर्दीतून वाट काढत एस. पी. रोडवर गेले. कारखान्यात असताना सुटे भाग घ्यायला ते या रस्त्यावर अनेकदा आले होते. एका जिन्याखालच्या दुकानात कल्लाप्पा नावाचा म्हातारा बसला होता. सोवनींनी आपल्या पन्नास वर्षांच्या कानडीत काय हवं ते सांगितलं. कल्लाप्पाने बोटभर जाडीचा एक काळा ड्राइव्ह काढून समोर ठेवला.

"मशीन किती जुनं, सार?"

"पंधरा वर्षं."

"मग करेंट कमी पडणार. एका वायरीवर हे फिरत नाही जुन्या मशीनला. दोन तोंडांची केबल घ्या सोबत." मग त्याने सोवनींच्या पिशवीतून डोकावणाऱ्या फाईलकडे पाहिलं. "सीडीत काय आहे? सोबत आणली असली तर द्या की. इथंच पेनड्राइव्हवर घालून देतो. ड्राइव्ह घ्यायचीही गरज नाही."

सीडी पिशवीतच होती.

"घरी राहिली," सोवनी म्हणाले. "आणि केबलचं मी बघतो. आधी मोजून बघतो किती करेंट येतो ते."

हे आपण का केलं, ते त्यांनी पुढे अनेकदा शोधून पाहिलं. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, घाईचं काम होतं, माणूस भला दिसत होता. पण घरी बायको दोन उशांच्या आधाराने बसलेली असताना, डॉक्टर न समजणाऱ्या गोष्टी सांगत असताना, एवढी एकच गोष्ट अशी होती की जी त्यांना कळत होती. ती त्यांना स्वतःच करायची होती.

दुपारी त्यांनी ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला जोडला. हिरवा दिवा लागला, आतून टक टक आवाज आला, चकती अर्धा फेरा फिरली आणि थांबली. पुन्हा काढला, पुन्हा लावला. तसंच. मग त्यांनी कॉम्प्युटर भिंतीपासून ओढून मागच्या बाजूला जोडला. तिथे चकती थोडी जास्त फिरली, पण पडद्यावर काहीच आलं नाही. त्यांनी मीटर काढला, एका जुन्या वायरीची साल काढून मोजमाप घेतलं. ड्राइव्ह सुरू होताच पाच व्होल्टचे साडेचारच्याही खाली घसरत होते. कल्लाप्पाने न मोजता जे सांगितलं होतं, तेच.

बुधवारी प्रेमाला ताप होता, तिला सोडून जाता आलं नाही. गुरुवारी मीटिंग दुपारी दोनची होती. सकाळी नऊ वाजता सोवनींनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या मुलीला म्हणाले, सीडीचं काम अजून झालेलं नाही, तर आमचं नाव पुढच्या गुरुवारी घ्या. मुलीने काही विचारलं नाही. तारीख बदलून दिली.

"आज जायचं होतं ना?" प्रेमाने आतून विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. सगळं हातात असू दे. अर्ध्या माहितीवर डॉक्टर तरी काय ठरवणार?"

तिचा ताप उतरला होता. सोवनी पुन्हा एस. पी. रोडला गेले आणि दोन तोंडांची केबल घेऊन आले. या वेळी चकती फिरली, छान एकसारखी, कानाला बरं वाटावं अशी. पण आता कॉम्प्युटर ड्राइव्ह ओळखेना. यादीत नाव यायचं आणि नावाशेजारी पिवळं चिन्ह. त्यांनी तो काढून पुन्हा बसवला, दुसरे प्रोग्राम घातले, सगळं बंद करून सुरू केलं. शुक्रवारचा पूर्ण दिवस त्यातच गेला.

शुक्रवारी दुपारी प्रेमा म्हणाली, "अहो, पायांना मुंग्या येतायत. कालपासून."

"एका जागी बसून. थोडं पाय हलव."

ते वळून पुन्हा पडद्याकडे बघायला लागले.

शनिवारी सकाळी त्यांना इंटरनेटवर एका माणसाची तक्रार सापडली. हुबेहूब तेच पिवळं चिन्ह. उत्तर देणाऱ्याने लिहिलं होतं की सीडी लिहिण्याचा एखादा जुना प्रोग्राम कधी मशीनमध्ये घातलेला असला आणि नंतर काढला असला, तर त्याच्या दोन नोंदी मागे राहतात आणि त्या नव्या ड्राइव्हला आडव्या येतात. मकरंदने कॉलेजात असताना गाण्यांच्या सीडी बनवायला असा प्रोग्राम घातला होता. तोच प्रोग्राम सोवनींनी पुढे या मशीनवरही घातला होता आणि नंतर काढून टाकला होता. त्यांनी त्या दोन नोंदी शोधल्या, आधी वहीत उतरवून घेतल्या, मग पुसल्या. मशीन बंद केलं. चालू केलं.

पिवळं चिन्ह गेलं होतं. त्यांनी सीडी आत सरकवली. अकराच्या सुमाराला पडद्यावर प्रेमाचं नाव आलं, वय आलं, दोन वर्षांपूर्वीची तारीख आली. सोवनी खुर्चीत मागे टेकले. "झालं गं!" त्यांनी हाक मारली. "चालला!"

"बरं," आतून आवाज आला.

आता सगळं पेनड्राइव्हवर घालायचं आणि उठायचं, एवढंच उरलं होतं. पण सोवनींना बघितल्याशिवाय राहवेना. चित्रांमधलं त्यांना काही कळलं नाही, राखाडी रंगाचे ठोकळे एकावर एक. चित्रांसोबत रिपोर्टही होता. घरी ठेवलेलाच असणार, म्हणून त्यांनी तो नुसता सरकवत नेला. पहिलं पान ओळखीचं होतं. कंबरेचे मणके, झीज. मग दुसरं पान आलं.

वरती चार ओळी होत्या. पूर्ण मणक्याची धावती तपासणी करताना पाठीच्या मधल्या एका मणक्यात बारा मिलिमीटरचा वेगळा दिसणारा भाग आढळला आहे. त्याचं स्वरूप यावरून ठरवता येत नाही. औषध टोचून पुन्हा स्कॅन करावा, सहा आठवड्यांच्या आत. खाली डॉक्टरची सही. त्याखाली नेहमीचा मजकूर, की हे केवळ तज्ज्ञाचं मत असून कायद्याच्या कामासाठी वापरू नये, वगैरे.

सोवनींनी फाईल काढली. फाईलमध्ये एकच पान होतं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, दोनपैकी पान एक.

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. तेच तर जास्त वाईट होतं. प्रेमाच्या साखरेच्या, थायरॉईडच्या रिपोर्टांचं शेवटचं पान नेहमी त्या कायद्याच्या मजकुराचंच असायचं. पाठ कोरी, कागद जाड. असा कागद हातात आला की त्यांची बोटं आपोआप पट्टीकडे जायची. त्या दिवशी त्यांनी रिपोर्ट आणून पहिलं पान दोनदा वाचलं होतं आणि दुसऱ्याचे चार तुकडे केले होते.

त्यांनी ते एक पान फाईलमध्ये परत ठेवलं आणि चित्रं, रिपोर्ट, सगळं पेनड्राइव्हवर घातलं. प्रेमाने पाणी मागितलं. त्यांनी उठून दिलं. तिने विचारलं, "दिसलं का काही?" ते म्हणाले, "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

रविवारी सकाळी प्रेमाला पलंगावरून उतरता येईना. पाय होते, पण तिचे नसल्यासारखे होते. मकरंद येईपर्यंत सोवनी तिचे तळवे चोळत बसले. हॉस्पिटलात त्याच दिवशी तातडीने रेडिएशन सुरू केलं. पायांमध्ये जीव परत आला नाही.

सोमवारी डॉक्टर रक्षितांनी पेनड्राइव्ह लावून बघितला. बराच वेळ त्या चित्रं पुढेमागे करत होत्या. मग त्यांनी रिपोर्ट उघडला, वाचला आणि खुर्ची वळवून सोवनींकडे पाहिलं. मकरंद शेजारीच उभा होता.

"काका, हे दुसरं पान तुम्हाला दिलं नव्हतं काय त्यांनी?"

टेस्टिंगच्या टेबलावर इतकी वर्षं या माणसाने एकदाही खोटी सही केली नव्हती. आज त्याच्या तोंडून शब्द आले, "माहीत नाही. घरी एकच पान आहे."

"तेव्हा सापडलं असतं तर?" मकरंदने विचारलं.

"तेव्हा एकच जागा दिसते. तेव्हा उपचार सोपा असता," डॉक्टर म्हणाल्या. मग खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवत, "आणि गुरुवारी आला असता तर पायांचं कदाचित... ते मी नक्की सांगू शकत नाही हो. कुणीच सांगू शकत नाही."

मकरंद वडिलांकडे बघत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. "त्या सेंटरवाल्यांना मी सोडणार नाही," तो म्हणाला.

सोवनींनी प्रेमाला सांगितलं ते तीन दिवसांनी. दुपारची वेळ होती, मकरंद आणि त्याची बायको देवश्री जेवायला खाली गेले होते. सोवनींनी काहीही न लपवता सांगितलं, कल्लाप्पाच्या दुकानापासून पट्टीपर्यंत. प्रेमा छताकडे बघत ऐकत होती.

"किती आठवडे लिहिलं होतं?"

"सहा."

"आणि मी दोन वर्षं तुमचा तक्ता केला."

सोवनींनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण तिचा हात त्यांना लाकडासारखा लागला.

"मी सांगत होते वर दुखतंय म्हणून," ती म्हणाली. "कंबर नाही, वर. किती वेळा सांगितलं. तुम्हाला कागदात लिहिलेलं खरं वाटलं. आणि कागदसुद्धा तुम्ही अर्धाच वाचलात."

तेवढं बोलून तिला धाप लागली. सोवनी उठून पाणी आणायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, "मक्याला सांगू नका."

"प्रेमा, मी त्याला—"

"सांगू नका म्हटलं ना. मी गेल्यावर तुम्हाला बघायला तोच आहे. तो तोडेल तुम्हाला. मी ओळखते त्याला." मग तिने भिंतीकडे तोंड वळवलं. "माफ केलं असं समजू नका. मला तेवढी ताकद नाही आता."

ती त्यानंतर साडेतीन महिने जगली. घरी आणलं, हॉलमध्ये लोखंडी खाट टाकली. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं सोवनी सगळं स्वतः करायचे. मकरंदने बाई ठेवू म्हटलं तर प्रेमाच म्हणाली, "नको. ह्यांना करू दे." त्यात माया होती की शिक्षा, ते सोवनींना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. ती त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं. उशी वर करा. पंखा कमी. दूध नको. एकदाच, मे महिन्यात, ते तिचे केस विंचरत असताना म्हणाली, "तुमचे हात पहिल्यापासून हलके." पुन्हा असं काही नाही. जूनच्या एका सकाळी, सोवनी दात घासायला गेले असताना, ती गेली.

तेरावा झाल्यावर मकरंदने तपासणी केंद्राविरुद्ध रीतसर तक्रार केली. महिनाभराने केंद्राचं उत्तर आलं. सोबत त्यांच्या रजिस्टरच्या पानाची प्रत होती, रिपोर्ट दोन पाने, सीडी एक, आणि समोर पद्माकर सोवनींची सही. पण पत्रात खाली असंही लिहिलं होतं की कागद मोजून न देण्याची चूक झाली असल्यास ती काउंटरवरील कर्मचारी हर्षिता हिची वैयक्तिक असून तिला कामावरून दूर करण्यात आलं आहे.

मकरंद रविवारी ते पत्र घेऊन आला. "बघा, कशी अंगाबाहेर टाकतात. पोरीला काढून मोकळे. न मोजता सही घेतात आणि आता आपल्यालाच दाखवतात. मी हे पुढे नेणार आहे. बाबा, तुम्हाला फक्त एवढंच लिहून द्यायचंय की दुसरं पान मिळालं नव्हतं."

त्याने कागद पुढे ठेवला. पेन उघडून हातात दिलं.

सोवनींना ती मुलगी आठवत होती. केसांत जाईचा गजरा, समोर रांग, आणि तरी तिने पाकिटातून कागद बाहेर काढून बोटाने मोजून दाखवले होते, "वन, टू, सीडी वन, अंकल." सोवनींना तेव्हा ते आवडलं होतं. अशी माणसं आपल्या विभागात हवी होती, असं वाटलं होतं.

"मिळालं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पान. त्या मुलीने मोजून दिलं होतं. मी फाडलं."

मकरंदला आधी अर्थच लागला नाही. सोवनींनी त्यालाही सगळं सांगितलं. गुरुवारची तारीख कुणी बदलली तेही. प्रेमाने काय सांगितलं होतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण ते बोललं असतं तर आपण तिच्या आड लपल्यासारखं झालं असतं.

मकरंद उभा राहिला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "तिला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी पाच महिने लोकांना शिव्या देत फिरतोय." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे तो ऐकणं जास्त कठीण होतं. "तुमच्या एका हट्टापायी, बाबा. नुसत्या एका सीडीसाठी. मी म्हटलं होतं ना, कॅफेत द्या म्हणून?"

"म्हटलं होतंस."

दोन दिवसांनी दोघं केंद्रात गेले. मकरंद गाडीत बसून राहिला. सोवनी एकटे काउंटरवर गेले आणि तक्रार मागे घ्यायची आहे म्हणाले. आता तिथे दुसरी मुलगी होती. तिने एक छापील अर्ज दिला. कारण लिहायला दोन ओळींची जागा होती. सोवनींनी स्वच्छ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की दुसरं पान मला मिळालं होतं, ते मी वाचलं नाही, कर्मचाऱ्याची काहीही चूक नाही. सही केली, तारीख घातली.

मग त्यांनी मॅनेजरला भेटायचा हट्ट धरला. मॅनेजर भेटला, अर्ज वाचला, खांदे उडवले. "ती मुलगी गेली ना सर. हासनकडे गाव तिचं. नंबर बदललाय."

"तुम्ही तिला परत बोलवायला हवं."

"आता त्या जागेवर दुसरी आहे."

सोवनींनी तिचं आडनाव विचारलं, पत्ता विचारला. नियमात बसत नाही म्हणून मॅनेजरने दिला नाही. ते बाहेर आले तेव्हा मकरंदने गाडीचं दार आतून उघडून दिलं. त्याने त्यांना घराच्या फाटकाशी सोडलं आणि तिथूनच गाडी वळवली.

याला आता वर्ष होऊन गेलं. सोवनी शहात्तरीकडे झुकलेत, एकटे राहतात. मकरंद त्या दिवसानंतर घरी आलेला नाही. दर रविवारी सकाळी फोन करतो, पाणी येतंय का, औषधं संपली का, एवढं विचारतो आणि ठेवतो. देवश्री मधूनमधून डबा पाठवते. सोवनी महिन्यातून एकदा त्या केंद्रात जाऊन हर्षिताची काही खबर आली का ते विचारतात. काउंटरवरची मुलगी आता त्यांना ओळखते. ते रांगेत दिसले की लांबूनच मान हलवून नाही म्हणते. तरी ते रांग सोडत नाहीत, नंबर येईपर्यंत उभे राहतात आणि तिच्या तोंडून ऐकूनच परत फिरतात.